आधी ओला करा, मग बोला

दगड हातात आला की सर आधी त्याला जीभ लावायचे. लाजायचे-बिजायचे नाहीत. आपण लोणच्याची फोड चाखून बघावी तसे, डोळे मिटून, सावकाश. मग त्या ओल्या जागेवरून अंगठा फिरवायचे आणि समोर बसलेल्या पोरांना म्हणायचे, “आधी ओला करा, मग बोला.”

तुम्ही म्हणाल, शिकलासवरलेला प्राध्यापक आणि दगड चाटतो? मीही पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला होता. पण त्यात तथ्य आहे. कोरडा दगड सगळा सारखाच मळकट दिसतो. ओला झाला की त्याचे कण उठून येतात, शिंपल्यांच्या कडा दिसतात, रंग उमटतात. भूशास्त्रवाले सगळेच हे गुपचूप करतात. सर उघड करायचे, एवढाच फरक.

मी आमच्या भूशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. काम सांगायचं तर दगड कापणं. दगडाची चकती काढायची, काचेच्या पट्टीवर चिकटवायची आणि पावडरवर घासत घासत इतकी पातळ करायची की उजेड आरपार गेला पाहिजे. मग ती स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून साहेब लोक आत काय आहे ते बघतात. मी अठ्ठावीस वर्षं स्लाइडी घासल्या आणि एकदाही आत डोकावून बघितलं नाही. कुणी बघ म्हणालं नाही, मला हौस नव्हती.

सर दुसऱ्या गावाहून निवृत्त होऊन पुण्यात आले होते. राहायला शनिवार पेठेत, एकटेच. बाई आधीच गेलेल्या, मुलगा हिंजवडीला कंपनीत. आमच्याकडे ते व्हिजिटिंग म्हणून यायचे, मंगळवारी आणि शुक्रवारी. दरवर्षी जूनमध्ये विभाग त्यांना नव्यानं पत्र द्यायचा. परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गाला ते जुन्या समुद्रातली प्रवाळं शिकवायचे, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात वाढलेल्या आणि आता दगड होऊन पडलेल्या प्रवाळांच्या भिंती.

आता पुण्यात प्रवाळ कुठलं? इथे घराचा पाया खणा नाहीतर विहीर, काळा दगडच लागायचा. लाव्ह्याचा दगड, त्यात मेलेली मुंगी सापडायची नाही. म्हणून सरांनी आपला लाकडी ट्रे आणला होता. त्यात बत्तीस दगड. कच्छचे, राजस्थानचे, खाली तमिळनाडूतले, चाळीस वर्षांत खांद्यावरच्या पिशवीतून वाहून आणलेले. ट्रे बघाल तर नुसता पसारा. तीन नंबरशेजारी एकोणतीस, त्याच्या डोक्यावर अकरा. मी एकदा म्हणालो, सर, नंबरवार लावून देऊ का? ते म्हणाले, “अहो थोरवे, घाई कशाला? यांना कुठे गाडी पकडायची आहे?”

दगडांवरच्या चिठ्ठ्यांच्या बाबतीत मात्र माणूस कडक. दगडावरचा नंबर आणि वहीतलं नाव जुळलं नाही की त्या दिवशी चहा नाही. चुकीचं नाव लावलेल्या दगडापेक्षा बिननावाचा दगड बरा, असं त्यांचं मत. एका मुलानं वहीत अंदाजानं काहीतरी ठोकून दिलं तेव्हा सरांनी शांतपणे पान फाडून त्याच्या हातात दिलं. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही, त्याचेही मार्क मी देतो, म्हणाले.

त्या वर्षी वर्गात सातजण होते. एक येमेनचा, दोघं मोझांबिकचे, तिघं अफगाणिस्तानातून आलेले आणि झांझिबार बेटावरची रुकिया. सगळ्यांच्या मागे घरच्या काळज्या. कुणाचा फोन लागत नाही, कुणाच्या व्हिसाचं अडलेलं. पण सरांच्या तासाला सात म्हणजे सात. शिकवणं इंग्रजीत, पण ‘आधी ओला करा’ हे ते मुद्दाम मराठीत म्हणायचे आणि पोरांनी आमची भाषा शिकायला तिथूनच सुरुवात केली. रुकिया तर मला पहिल्या महिन्यातच काका म्हणायला लागली.

तिचं आणि सरांचं जमलं ते एका वाक्यावरून. प्रवाळाचा दगड घराला वापरतात असं सर सांगत होते, तर ही शांतपणे म्हणाली, माझ्या आजीचं सगळं घरच त्याचं आहे, स्वयंपाकघराच्या भिंतीत प्रवाळाच्या भोकांच्या चांदण्या दिसतात. सर बोलायचे थांबले. आयुष्यभर प्रवाळं शिकवली, पण मिळाली ती सगळी कोरड्या माळरानावरची. समुद्राकाठची एकही नाही. सुट्टीवरून येताना रुकियानं आजीच्या भिंतीतून निखळलेला एक तुकडा आणला, मुठीएवढा. स्लाइड करायला माझ्याकडे दिला आणि मी तो कापायच्या खोलीतल्या खणात ठेवून दिला. माझ्याकडे आधीची कामं तुंबली होती. सरांना दगड दाखवू का म्हणून विचारलं तर रुकिया नको म्हणाली, स्लाइड झाली की दोन्ही एकदम द्यायचं.

करोनानंतर विभागात पाटी लागली होती की नमुन्यांना जीभ लावू नये. सरांनी त्या पाटीखाली उभं राहून दगड चाटला. विभागप्रमुख मॅडम हसून म्हणाल्या, सर, पाटी. सर म्हणाले, “मला ती पाटी दिसत नाही.” सगळे हसले. मीही हसलो.

खरं काय ते मला ऑक्टोबरात कळलं, आणि तेही माझ्याच चुकीनं.

आमच्या धंद्यात एक फजिती ठरलेली आहे. स्लाइड घासता घासता लक्ष उडालं की दगड पार घासून जातो आणि हातात नुसती काच राहते. त्या दिवशी माझं तसंच झालं. घरून सारखे फोन चालू होते, धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं. पुन्हा केलेली चांगली स्लाइड बाजूला ठेवली आणि गडबडीत ती कोरी काच सूक्ष्मदर्शकाखाली लावून आलो. सर बघायला बसले तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आता बोलणी खायची म्हणून मी हात बांधून उभा राहिलो.

सर डोळा लावून बराच वेळ बसले. खालचा गोल फिरवला, पुन्हा बघितलं. मग म्हणाले, “छान. सुंदर काप आलाय, थोरवे.”

 त्या काचेवर काहीच नव्हतं हो.

सर, मी हळूच म्हणालो, ती काच कोरी आहे. ते उठले, चाचपडत दाराला कडी घातली आणि परत येऊन बसले. काचबिंदू, म्हणाले. एक डोळा केव्हाच गेला, दुसऱ्यात कुलपाच्या भोकाएवढं उरलंय आणि तेही गढूळ. डॉक्टरांनी हात टेकलेत, गेलेलं परत येत नाही. मुलाला अर्धंच माहीत आहे, विभागात कुणालाच नाही.

“मला या सात पोरांचा वर्ग पुरा करू द्या,” ते म्हणाले. “एप्रिलात परीक्षा झाली की मी आपण होऊन जातो. तोवर तुम्ही काही बघितलं नाही.”

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या घरी बोलायला एक रेडिओ होता. बाकी सगळा आठवडा ते मंगळवार आणि शुक्रवारची वाट बघत काढायचे, हे मला माहीत होतं.

तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाला डोळा मी लावायचो. काय दिसतं, ते विचारायचे. मी म्हणायचो, पांढरं आहे. पांढरं तर पोटाचं पातळ औषधही असतं, नीट सांगा, ते म्हणायचे. मग मी नीट बघायला शिकलो. चाकाच्या आऱ्यांसारखे पडदे, त्यांच्यामध्ये साखरेच्या दाण्यांसारखे कण, एका कडेला चिखल. सर ऐकत ऐकत नावं सांगायचे. अठ्ठावीस वर्षं मी जे घासत होतो त्याच्या आत एवढं काय काय होतं, बघा. घरी बायकोला सांगायला गेलो तर ती म्हणाली, “आता दगडात बी डोकं घातलं का? काय हाय त्यात?” 

एकदा तासाला मी मागे उभा होतो. प्रवाळाला उजेड लागतो, सर सांगत होते. समुद्र खोल होत गेला तर त्याला वर वर वाढत राहावं लागतं. मेलेल्यांच्या डोक्यावर उभं राहून वाढतं ते. पण पाणी त्याच्यापेक्षा वेगानं चढलं की उजेड तुटतो आणि ते संपतं. याला आम्ही प्रवाळ बुडालं असं म्हणतो, सर म्हणाले, जन्मभर पाण्यात राहिलेला जीव बुडून मरतो. येमेनचा मुलगा हसला. मला काही हसू आलं नाही.

फेब्रुवारीत विभागाची तपासणी निघाली. बाहेरून तिघांची समिती येणार, शुक्रवारी तास बघणार. मॅडमनी सगळीकडे रंग दिला, कुंड्या आणल्या. मला म्हणाल्या, संग्रह जरा चमकवा. 

आता इथे माझं शहाणपण ऐका. सर तास कसे घेतात हे मी दर वेळी बघत होतो. हात घालायचे आणि हवा तो दगड काढायचे. मला वाटायचं, चाळीस वर्षांची सवय, हातात आल्यावर कळत असेल. तो पसारा हाच त्यांचा नकाशा होता, कुठला दगड कुठे ते त्यांनी तसं पाठ केलं होतं, हे माझ्या मडक्यात शिरलंच नाही. मी बत्तीसच्या बत्तीस दगड धुतले, नंबरवार लावले. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर माणूस कसला? सरांना दगड ओला आवडतो ना, मग कायमचाच ओला दिसू दे, म्हणून बुधवारी बसून प्रत्येकाला पारदर्शक वॉर्निशचे दोन हात दिले. लखलखत होते नुसते. मला वाटलं, सरांची मान ताठ होईल. त्यांना आधी सांगितलंही नाही. म्हटलं, बघतीलच.

बघतीलच म्हणालो मी. बघा आता.

शुक्रवारी सर रिक्षानं अगदी वेळेवर आले, इस्त्रीचा शर्ट घालून. समितीचे तिघं मागच्या बाकावर, मॅडम दाराशी. सरांनी अर्धा तास सुरेख शिकवलं. मग ट्रेमध्ये हात घातला, दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरा. तिथे त्यांचं कच्छचं प्रवाळ असायचं. आता तिथे चिखलाचा साधा दगड होता.

अंगठा फिरवला तो सटकला. पुन्हा फिरवला. वॉर्निशनं सगळी भोकं बुजलेली, त्यांच्या हाताला नुसती काच लागत असणार. सरांनी पाहुण्यांच्या दिशेनं तोंड केलं आणि दगडाला जीभ लावली. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. घासात केस लागल्यावर माणूस थांबतो तसे थांबले.

मग म्हणाले, हे प्रवाळ आहे, याच्या चांदण्या मोजा.

 समितीतले एक गृहस्थ अगदी अदबीनं म्हणाले, नक्की का, सर?

रुकिया उभी राहिली. सर नेहमी असंच करतात, म्हणाली. मुद्दाम चुकीचं नाव सांगतात, आम्ही ते पकडायचं असतं. हा चिखलाचा दगड आहे. बाकीच्या सहाजणांनी माना हलवल्या, येमेनवाल्यानं तर जोरात. पाहुणे हसले. पद्धत आवडली असावी. सुटलो, असं मला वाटलं. 

सरांनी दगड टेबलावर ठेवला.

“ही मुलगी फार चांगली आहे,” ते म्हणाले, “पण खोटं बोलते आहे. मी चुकलो. मला दिसत नाही.”

इंग्रजीतच बोलले, पण मला शब्द न् शब्द कळला. नंतर त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं की वहीत लिहा, नमुना ओळखता आला नाही. आणि तास संपायला दहा मिनिटं होती ती त्यांनी दगडाशिवाय शिकवून पुरी केली. रुकिया खाली मान घालून लिहीत होती. पान भिजलं होतं.

पुढच्या आठवड्यात सरांचे तास थांबवल्याचं पत्र निघालं. पत्र चांगलं होतं, त्यात आभार होते. मॅडमनाही दोष देत नाही मी, त्या स्वतः शनिवार पेठेत जाऊन पत्र देऊन आल्या. उरलेला अभ्यासक्रम एका तरुण मास्तरांनी पडद्यावर चित्रं दाखवून उरकला. सातहीजण पास झाले. ट्रे न्यायला सर आलेच नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, राहू द्या तिथेच, आता ते शोभेचे झाले.

मी तेव्हा काहीच कबूल केलं नाही. जीभच उचलेना.

सरांना मुलगा हिंजवडीला घेऊन गेला, चौदाव्या मजल्यावर. मे महिन्यात रुकिया निघाली. जायच्या आदल्या दिवशी कापायच्या खोलीत आली आणि म्हणाली, काका, माझा दगड कापू नका, तो सरांना द्या. तेव्हा मला आठवलं, खणात पडून राहिला म्हणून तेवढा एकच दगड माझ्या वॉर्निशमधून वाचला होता.

रविवारी मी कात्रजहून दोन बस बदलून हिंजवडीला गेलो. सर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. खालून गाड्यांचे हॉर्न येत होते, एवढाच काय तो शेजार. मी दगड हातात दिला, कुठला ते सांगितलं नाही. सरांनी जीभ लावली.  पुन्हा लावली.

“खारट आहे,” ते म्हणाले. “अहो थोरवे, हा अजून खारट आहे.”

तुम्हाला सांगतो, पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. मग म्हणाले, रुकियाच्या आजीचं स्वयंपाकघर, ना?

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी जायचो. आता उलटं झालं होतं. सर अंगठा फिरवून मला दगड वाचून दाखवायचे. इथे एक चांदणी आहे, ती शेजारणीला ढकलतेय. इथे कुणीतरी भोक पाडून राहून गेलंय. इथे काजळीचा वास येतो, चुलीची बाजू असावी. सून म्हणाली, दगड उशाशी घेऊन झोपतात, दिवसातून पाच-सात वेळा चाटतात, डॉक्टरांना विचारू का? मी म्हटलं, वहिनी, चाटू द्या.

दिवाळीनंतर ते फार थकले. अंथरुणातच असायचे. एक दिवस मी मनाचा हिय्या केला आणि म्हणालो, सर, ते वॉर्निश मी लावलं होतं. दगडही मीच हलवले. तुम्हाला न विचारता.

सरांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

“माहीत आहे हो. त्या खोलीत तुमच्याशिवाय फडकं तरी कुणी मारतं का?” मग म्हणाले, “दोन हात दिले होतेत ना? एकसारखे होते. काम चांगलं होतं.”

यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जानेवारीत मुलाचा फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. माणसं थोडीच होती. रुकियाला कळवलं, तिचा नुसता रडण्याचा आवाज आला आणि फोन कटला. निघताना मुलानं रुमालात गुंडाळलेला दगड माझ्या हातात ठेवला. बाबांनी थोरव्यांना द्यायचा म्हणून सांगून ठेवलंय, म्हणाला.

परतीची बस चौकात अडकली. अर्धा तास जागची हलली नाही. मी खिडकीशी बसून रुमाल सोडला. दगडाची एक बाजू अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झाली होती. शेजारी एक तरुण कानात वायर घालून बसला होता. त्याच्याकडे न बघता मी दगड तोंडाशी नेला आणि जीभ लावली.

खारट लागला नाही. फिरवून दुसऱ्या बाजूनं लावली, खालून लावली, भोकांत लावली. शेजारचा मुलगा आता टक लावून बघत होता. बघू दे. मी सगळा दगड चाटून बघितला. सरांनी त्यातलं मीठ संपवलं होतं.